सिंगापूर ते क्वालालंपूर: हवेत पाऊण तास, प्रवास साडेपाच तासांचा

सिंगापुरात नव्याने आलेली मंडळी पहिल्याच जोडून सुट्टीत क्वालालंपूरचा बेत आखतात. तिकिटावर १ तास १० मिनिटं दिसतात, आणि तेवढ्यावर दिवसाचा हिशेब मांडला की तो हमखास चुकतो.

हवाई अंतर साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई ते छत्रपती संभाजीनगरएवढंच. विमान हवेत जेमतेम पाऊण तास असतं, बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि रांगेत जातो. घड्याळ दोन्हीकडे एकच.

आता घरापासून मोजा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पोचायला पाऊण तास. तिथे दोन तास आधी हवं, कारण अंतर कमी असलं तरी उड्डाण आंतरराष्ट्रीय आहे. उतरल्यावर इमिग्रेशनला अर्धा ते एक तास. क्वालालंपूरचा विमानतळ सेपांगला, शहरापासून ५० किलोमीटरहून लांब. केएलआयए एक्स्प्रेस ही विमानतळाची रेल्वे टर्मिनल १ वरून २८ मिनिटांत, टर्मिनल २ वरून ३३ मिनिटांत केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनला पोचवते. गाडीची वाट पाहणं धरून एकूण साडेपाच तास होतात.

बसने रस्ता सुमारे ३५० किलोमीटर, वेळ पाच ते सहा तास. म्हणजे साध्या दिवशी बस विमानाच्या बरोबरीला येते आणि बरीच स्वस्त पडते. सुट्ट्यांच्या गर्दीत मात्र दोन देशांना जोडणाऱ्या वुडलँड्सच्या पुलावर तासन्‌तास जातात, तेव्हा विमानच घ्या. बसने गेलात तर सीमेवर दोनदा उतरावं लागतं. मलेशियाच्या बाजूला सगळं सामान तपासणीसाठी सोबत न्यायचं. उतरण्याआधी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा: एकाच कंपनीच्या चार बस शेजारी उभ्या असतात आणि उशीर झालेल्यासाठी चालक फार थांबत नाही.

चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३ वर सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते. त्यामुळे इमिग्रेशननंतर विकत घेतलेली पाण्याची बाटलीही गेटवर टाकून द्यावी लागते. रिकामी बाटली चालते.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं हे: नोकरीच्या मंजुरीपत्रावर, म्हणजे आयपीएवर, सिंगापुरात एकदाच प्रवेश मिळतो. प्रत्यक्ष नोकरीचा पास निघेपर्यंत देश सोडू नका, बाहेर अडकाल. भारतीय पासपोर्टवर मलेशियाला सध्या ३० दिवस व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी पाहून घ्या. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. विमानाने परतताना सिंगापूरचंही भरावं लागतं. पासधारकांना सूट आहे ती फक्त रस्त्याने येताना. दोन्ही कार्डं फुकट आहेत. पैसे मागणारी साइट सरकारी नसते, लगेच बंद करा.

येताना दारूची बाटली आणू नका. मलेशियाहून येणाऱ्याला सिंगापुरात दारूवर करमाफी नाही, एका बाटलीवरही कर भरावा लागतो. सिगारेटचंही तसंच.