टाकीत बायोडिझेल ओतण्याआधीची तयारी

पहिली तयारी वेळेची. बायोडिझेल, म्हणजे खाद्य-अखाद्य तेलावर प्रक्रिया करून केलेलं, डिझेलमध्ये मिसळायचं इंधन, वापरून बघायचं असेल तर गहू-हरभऱ्याची मळणी उरकल्यावर, मार्च-एप्रिलात बघा. पेरणीच्या तोंडावर, रानात वाफसा आलेला असताना इंधनाचा प्रयोग करूच नये. त्या वेळी फिल्टर चोंदून ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तरी अख्खा हंगाम मागे पडतो. शिवाय उन्हाळ्यात तेल पातळ राहतं. निफाडकडे थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे पामतेलापासून केलेलं बायोडिझेल टाकीतच थिजायला लागतं.

मग यंत्र निवडा. विहिरीवरचं जुनं, सावकाश फिरणारं पंपाचं इंजिन यासाठी उत्तम. त्याचे सगळे भाग तालुक्याला मिळतात आणि गावातला मिस्त्री ते डोळे मिटून खोलतो. ट्रॅक्टरचा नंबर त्यानंतर. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे, नियम लागू झाले आणि अशा नव्या इंजिनांत बहुधा कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना जास्त दाबानं इंधन पुरवणारी एकच नळी, असते. त्यातला दाब प्रचंड आणि इंधन फवारणाऱ्या नोझलची भोकं अतिशय बारीक, त्यामुळे ही इंजिनं या प्रयोगातून वगळाच. बाकीच्यांनी कंपनीचं पुस्तक उघडून किती टक्के बायोडिझेल चालतं ते वाचावं. तसा उल्लेख नसेल आणि वॉरंटी बाकी असेल तर थांबावं.

आता इंधन, आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, हे खरं आहे. पण त्यावरून घाण्याचं करंज तेल किंवा वड्याचं उरलेलं तेल गाळून थेट टाकीत ओतायचं, हे मला अजिबात मान्य नाही. कच्चं तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. नोझलमधून त्याचा नीट फवारा होत नाही, ते अर्धवट जळतं, नोझलच्या टोकाला कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरून तिथल्या ऑइलची जेली करतं. यातलं काहीच पहिल्या आठवड्यात दिसत नाही. इंजिन छान चालतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो.

बायोडिझेल म्हणजे याच तेलावर मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून, ग्लिसरीन वेगळं काढून मिळालेलं पातळ इंधन. ते घरी करू नका. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, आणि ते पेटलं तर उन्हात त्याची ज्योत दिसतही नाही. विकत घेताना आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे केलेला तपासणी अहवाल मागा. बायोडिझेलच्या नावाखाली औद्योगिक तेलं विकणारे आहेत, म्हणून अहवाल नाही तर कॅनही नाही.

तरीही स्वतः एक परीक्षा घ्या. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी, अर्धं बायोडिझेल घाला, बूच घट्ट लावून जोरात हलवा आणि बाटली सपाट जागी ठेवा. चांगला माल अर्ध्या तासात वेगळा होतो: खाली पाणी, वर पिवळसर इंधन, मध्ये स्वच्छ रेघ. मध्ये ताकासारखा पांढरा थर राहिला तर त्यात साबण उरला आहे किंवा प्रक्रिया अर्धवट झाली आहे. तो कॅन परत करा.

माल पसंत पडला की यंत्राकडे वळा. टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ आणि पाणी काढा. बायोडिझेल जुना साका सोडवतं, आणि वर्षानुवर्षं टाकीत चिकटलेली ती घाण थेट फिल्टरमध्ये येऊन बसते. म्हणून दोन जादा फिल्टर आधीच आणून ठेवा आणि फिल्टर बदलून इंधनाच्या नळीत अडकलेली हवा (एअर) काढायला शिकून घ्या. रबरी नळ्या दाबून बघा. जुनं रबर या इंधनात फुगून मऊ पडतं. रोज नळ्यांच्या जोडांवर बोट फिरवायचं, ओल लागली की नळी बदलायची. साठवायला जस्ताचा पत्रा किंवा तांब्या-पितळेचं काही नको, जाड प्लास्टिकचा कॅन बरा.

मिसळताना आधी डिझेल, वरून बायोडिझेल. ते जड असल्यानं आधी ओतलं तर तळाशीच बसतं. सुरुवात पाच टक्क्यांनी, म्हणजे १९ लिटर डिझेलला एक लिटर. फिल्टर स्वच्छ राहिला तर हळूहळू वीस टक्के, म्हणजे १६ लिटर डिझेलला चार लिटर. शेतकऱ्यानं याच्या पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वहीत नोंद करायला आधीपासून सुरुवात करा. निव्वळ डिझेलवर टाकी काठोकाठ भरून इंजिन तासभर चालवा आणि पुन्हा काठोकाठ भरायला किती लागलं ते मोजा, म्हणजे मिश्रणाशी तुलना करता येईल. निव्वळ बायोडिझेलमध्ये लिटरमागे सुमारे आठ टक्के ऊर्जा कमी असते, पण वीस टक्के मिश्रणात हा फरक एक-दोन टक्क्यांचाच. तेव्हा ताकद पडल्यासारखी वाटली तर इंधनाला दोष देण्याआधी फिल्टर उघडा. ऑइलची काडीही रोज बघा. पातळी वाढलेली दिसली तर इंधन चेंबरमध्ये उतरतंय, ऑइल लगेच बदला.

ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांना पंपासाठी तोही रस्ता आहे. हवेबरोबर गॅस आत जातो, थोडं डिझेल तो पेटवायला लागतंच. एका एचपीला तासाला साधारण ०.४५ घनमीटर गॅस धरा. पाच एचपीचं इंजिन तासभर चालवायला पन्नास किलोच्या वर शेण लागेल, तेव्हा आधी गोठ्यातली जनावरं मोजा. गंधकाचा वायू लोखंडाच्या किसातून गाळून घेतल्याशिवाय गॅस इंजिनला जोडू नका.

मृगाच्या आधी उरलेलं मिश्रण संपवा. बायोडिझेल हवेतली ओल ओढून घेतं आणि काही महिन्यांत खराब होतं. इंजिन पावसाळाभर बंद राहणार असेल तर शेवटचा अर्धा तास ते निव्वळ डिझेलवर चालवा, मग टाकी डिझेलनं गच्च भरून झाकण लावा. पुसायला वापरलेल्या चिंध्या ढीग करून शेडमध्ये टाकू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. उन्हात सुट्या पसरून वाळवा.