ईव्ही आल्या म्हणून एमिशन किती कमी धरायचं?

एखाद्या भागातल्या गाड्यांच्या धुराचा हिशोब मांडताना हमखास होणारा घोळ म्हणजे, 10 टक्के गाड्या इलेक्ट्रिक झाल्या ना, मग एमिशनमधून पण 10 टक्के वजा करा, झालं काम. असं नाही होत हो.

मूळ गणित सोपंय, गाड्यांची संख्या गुणिले वर्षाचे किमी गुणिले एमिशन फॅक्टर, म्हणजे किमीमागे किती ग्रॅम. गाड्यांच्या धुराचा हिशोब करणारी मॉडेल्स, म्हणजे अमेरिकेतलं मूव्हज काय किंवा युरोपातलं कोपर्ट काय, स्पीड, तापमान असं बरंच काही धरतात पण गाभा साधारण हाच.

आता समजा 1000 गाड्या आहेत, प्रत्येक वर्षाला 10,000 किमी पळते. त्यातल्या 900 नव्या, नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) किमीमागे 0.05 ग्रॅम, आणि 100 जुन्या खटारा, 1 ग्रॅमवाल्या (आकडे समजावण्यापुरते घेतलेत). नव्यांचे 450 किलो, खटाऱ्यांचे 1000, टोटल 1450. नव्यांपैकी 100 जाऊन ईव्ही आल्या तर वाचले फक्त 50 किलो, पण त्या 100 खटारा गेल्या तर 1000 किलो! ईव्ही दोन्हीकडे 100च. म्हणून आधी शोधायचं की ईव्ही आली तेव्हा गेली कुठली गाडी, आणि ती खरंच भंगारात गेली की दुसऱ्याच्या दारात जाऊन तिथे धूर ओकतेय. रजिस्ट्रेशनचा डेटा वर्ष आणि इंधनाप्रमाणे फोडून बघा. किमी पण वेगळे काढा, घरातली दुसरी गाडी म्हणून घेतलेली ईव्ही कमी पळत असेल तर नुसती संख्या धरून उपयोग नाही.

मग धुळीचं. सायलेन्सर नाही म्हणून पीएम, म्हणजे हवेतले बारीक कण, शून्य लिहू नका, टायर झिजतात, रस्त्याची धूळ उडते, बॅटरीचं वजन असतंच. ब्रेकची झीज मात्र रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे (मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी चार्ज करते) कमी होते, म्हणून तिन्हीच्या ओळी वेगळ्या ठेवा.

चार्जिंगच्या विजेचा धूर वीजकेंद्राच्या खात्यात टाका, गाड्यांच्या नको, नाहीतर तोच आकडा दोनदा मोजला जातो. केंद्र तुमच्या हद्दीबाहेर असेल तर टीप टाकून ठेवा, कारण तो धूर कुणाच्या तरी हद्दीत आहेच.

आणि जमिनीलगतच्या हवेतला ओझोन कमी करायचा प्लॅन असेल तर जरा जपून, जिथे नॉक्स भरपूर आणि व्हीओसी (पेट्रोल, रंग वगैरेंतून उडणाऱ्या सेंद्रिय वाफा) कमी आहे तिथे नॉक्स थोडं घटलं की ओझोन आधी वाढूही शकतो. तिथे एक्सेल पुरत नाही, हवेचं केमिस्ट्रीवालं मॉडेल चालवावंच लागतं.