कोल्हा म्हणजे नक्की कोण? वन्यजीवांची माहिती तपासताना

निसर्गमार्गदर्शक म्हणून बोलायचं असो की शाळेसाठी पोस्टर करायचं असो, गूगलवर शोधता येतं हे धरून चालतो. माहिती खरी की खोटी ते नंतर बघू. ती कोणत्या प्राण्याची आहे ते आधी बघा. नव्या माणसाची दांडी इथेच उडते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

कोल्ह्याचंच घ्या. 'फॉक्स'चा अर्थ आपण शाळेपासून 'कोल्हा' असा पाठ केलाय. पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल, कॅनिस ऑरियस. आपल्या माळावरचा फॉक्स म्हणजे खोकड, व्हल्पिस बेंगालेन्सिस. आणि नुसतं 'फॉक्स' शोधलं की पुढ्यात येतो तिसराच: लाल खोकड, व्हल्पिस व्हल्पिस, जो महाराष्ट्रात नाहीच. मग मराठी मजकुरात कोल्ह्याच्या शेपटीचं टोक पांढरं होऊन बसतं. ते लाल खोकडाचं. आपल्या कोल्ह्याचं आणि खोकडाचं टोक काळपट. वजनातही तोच घोळ: खोकड साधारण २-३ किलो, कोल्हा ८-१० किलो. चार संकेतस्थळांवर ताडून पाहिलंत तरी चूक सापडत नाही, कारण चौघांनी एकाच ठिकाणाहून उचललेलं असतं. वाक्यरचनासुद्धा सारखी दिसली तर साक्षीदार एकच समजा. हिंदी मजकुरात सियार म्हणजे कोल्हा, लोमडी म्हणजे खोकड, लकडबग्घा म्हणजे तरस. भाषांतराच्या ॲपवर विसंबू नका, इतका महागात पडणारा शॉर्टकट दुसरा नाही.

म्हणून शास्त्रीय नाव काढा, ते रोमन लिपीत टाका आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत प्रसाराचा नकाशा बघा. नकाशात आपला भाग नसेल तर ती माहिती तिथेच सोडा. शास्त्रीय नावंही बदलतात: दिवड हा पाणसाप जुन्या पुस्तकांत झेनोक्रोफिस पिस्केटर होता, आता फाउलिया पिस्केटर आहे. दोन्ही नावांनी शोधा. आयनॅचरलिस्ट या लोकांनी टाकलेल्या नोंदींच्या संकेतस्थळावरच्या 'रिसर्च ग्रेड' शिक्क्याला भुलू नका, दोघांचं एकमत झालं तरी तो शिक्का बसू शकतो.

आकडा दिसला की 'किमान' की 'सरासरी' ते विचारा. भारतातल्या २०२२ च्या व्याघ्रगणनेत एप्रिल २०२३ ला जाहीर झालेले ३,१६७ वाघ ही किमान संख्या. जुलैमधले ३,६८२ हा सरासरी अंदाज. मधल्या काळात पाचशे वाघ जन्मले नाहीत. प्राणी कायद्याच्या कोणत्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षणाच्या यादीत येतो ते लिहिताना १ एप्रिल २०२३ च्या आधीची पानं बाजूला ठेवा. तेव्हापासून वन्यजीव कायद्याच्या सहाऐवजी चारच अनुसूची आहेत.

हे सगळं ऐकून दडपू नका, सवय झाली की एका प्राण्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वीस वर्षं जंगलात फिरलेल्या सरांकडून आकडे मात्र घेऊ नका. कुठे बघायचं ते विचारा. गावातलं नाव हवं असेल तर वनमजुराला किंवा धनगराला गाठा. कोल्हा, खोकड आणि लांडगा, तिघांचे फोटो दाखवा आणि नाव आधी आपण उच्चारू नका, नाहीतर समोरचा मान डोलावून मोकळा होतो.