पणजीत चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढून झाला की समोरच्या बागेत कसं आणि का बसायचं

आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की पणजीचा कार्यक्रम ठरलेला, चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांवर फोटो, लांबून कसिनोची जहाजं, की चला कळंगुट. पण फोटो काढणाऱ्याची पाठ ज्या बागेकडे असते ना, तिकडे कोणी बघतसुद्धा नाही. आम्ही तिला म्युनिसिपल गार्डन म्हणतो, खरं नाव गार्सिया द ओर्ता बाग.

आधी जायचं कसं. कार नेऊ नका, संध्याकाळी पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो आणि नवराबायकोची भांडणं होतात ती वेगळीच. कदंब स्टँडवर उतरा, पाटोचा पूल ओलांडून चालत पंधरा-वीस मिनिटं, किंवा पायलट घ्या, म्हणजे पिवळ्या मडगार्डवाली मोटरसायकल, भाडं मात्र बसायच्या आधीच विचारा. पर्वरीकडून येत असाल तर बेतीला फेरीबोट पकडा, चालत जाणाऱ्याला फुकट आहे आणि मांडवी बघून होते ते बोनस.

दुपारी जाऊ नका, घामाघूम व्हाल. साडेचार-पाचनंतर बरं. पावसाळ्यात बाकडी ओली असतात, जुना पेपर बरोबर ठेवा.

आता बसलात की हा ओर्ता कोण ते मुलांना सांगा, कारण याचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे आणि हे गोव्यातल्या पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोर्तुगीज डॉक्टर, 1534 ला गोव्यात आला, इथेच राहिला, अहमदनगरच्या बुरहान निजामशहाला औषधं द्यायला जायचा, आणि पुढे मुंबई बेटच त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं, आता विचार करा आख्खी मुंबई एका डॉक्टरकडे! त्याने इकडच्या झाडपाल्यावर, मसाल्यांवर, आंब्यावर, पटकीवर पुस्तक लिहिलं, दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात, ते 1563 ला गोव्यातच छापलं. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. 1568 ला तो वारला. घराणं मूळचं ज्यू, त्यामुळे नंतर इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोही ठरवून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याच्या बहिणीला जाळलं आणि 1580 ला याची हाडं थडग्यातून उकरून तीही जाळली. त्याच माणसाच्या नावाची बाग, तीही चर्चच्या समोर. मला दर वेळी इथे बसल्यावर हेच आठवतं.

बागेतला उंच खांब पण बघा. आधी वास्को द गामाचं स्मारक होतं, आता वर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. खांब तोच ठेवला, डोकं बदललं, हे आपल्याला फार आवडतं.

बाग छोटी आहे हां, राणीच्या बागेसारखं काही डोक्यात ठेवून गेलात तर पंधरा मिनिटांत झालं म्हणाल. म्हणून उठल्यावर मांडवीच्या दिशेने चालत जुन्या सचिवालयाकडे जा, आदिलशहाचा राजवाडा तो, बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, हिप्नॉटिझमवाला, झोपलेल्या बाईवर हात धरलेला. लहान मुलं घाबरतात पण बघतात. पाय चालत असतील तर आझाद मैदान करा, नाहीतर राहू दे.

8 डिसेंबरला चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, असतो. त्या दिवसांत फेरीला, म्हणजे तिथल्या जत्रेला, जायचं तर मुद्दाम जा, खाजें (गोड खाऊ) घ्या, पण शांत बसायला म्हणून त्या आठवड्यात अजिबात जाऊ नका.

आणि भूक लागली तर पिझ्झा वगैरे शोधत बसू नका, आसपास कुठल्याही जुन्या हॉटेलात शिरून भाजी-पाव मागा, बरोबर बन्स, म्हणजे केळं घातलेल्या गोडसर पुऱ्या. संध्याकाळी मिरची भजी असते का विचारा, असली तर लगेच सांगा, मागच्या वेळी माझ्या पुढच्या टेबलावर शेवटची प्लेट गेली.