निशी-कासाईत घर मांडताना: मोदक, ग्योझा आणि घाईचा घरबदल

तोक्योतल्या भाड्याच्या घराची किल्ली हातात पडली की बॅगा उघडण्याआधी दोन कामं उरकून घ्या. प्रत्येक खोलीचे, भिंतींचे, फरशीचे, बाथरूमच्या कोपऱ्यांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, आणि शेगडीमागची भिंत झाका. शेगडीभोवती उभा करायचा ॲल्युमिनियमचा घडीचा पडदा शंभर येनच्या दुकानात मिळतो. आपली फोडणी उडतेच आणि हळदीचा डाग सहजी निघत नाही. इथल्या भिंतींना रंग नसतो, पांढरा विनाइलचा कागद लावलेला असतो. तो तेलाने पिवळा झाला की घर सोडताना त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.

आपल्यातले बरेच जण कंपनीच्या कामावर येतात. दोन वर्षांसाठी आलेला माणूस दहा वर्षं राहतो आणि पाच वर्षं राहणार म्हणणाऱ्याची आठ महिन्यांत नागोयाला बदली होते. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: घर मनापासून मांडा, पण ते सोडायची तयारी स्वयंपाकघरापासून आणि पहिल्याच दिवसापासून करा. एकदा ती सवय लागली की घाईचा घरबदलसुद्धा निभावतो.

तोक्योच्या एदोगावा वॉर्डातला निशी-कासाई हा भाग तोझाई या मेट्रो लाइनवर आहे. निहोनबाशी, ओतेमाची या ऑफिसांच्या भागात गाडी न बदलता जाता येतं. १९९९-२०००च्या सुमाराला वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालच्या तारखेच्या घोळाच्या, कामासाठी भारतीय इंजिनियर मोठ्या संख्येने आले आणि इथेच स्थिरावले. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी त्याआधीपासून इथे राहत होते. घरं मिळवून देण्यापासून जेवणाची सोय करण्यापर्यंत त्यांनी या मुलांना आधार दिला. २०१९मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण नवीन माणसाला इथे आपण एकटे पडलो असं वाटतं आणि तसं मुळीच नाही. किराणा, शाळा, गणपती, सगळं चालण्याच्या किंवा सायकलच्या अंतरावर आहे.

आता घराच्या पैशांचं. खासगी घर घेताना शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, रेइकिन म्हणजे मालकाला द्यायची आणि परत न मिळणारी रक्कम, एजंटची फी, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी, आगीचा विमा, कुलूप बदलण्याचा खर्च आणि आगाऊ भाडं असं सगळं मिळून चार ते सहा महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे सुरुवातीलाच लागतात. करार बहुधा दोन वर्षांचा असतो आणि तोक्योत तो वाढवताना साधारण एका महिन्याचं भाडं पुन्हा द्यावं लागतं. यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या घरांना रेइकिन नाही, एजंट नाही, जामीनदार नाही, नूतनीकरणाची फीही नाही. उत्पन्नाचे कागद आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट द्यावं लागतं. निशी-कासाईतली कोजिमाचो नि-चोमे ही त्यांचीच वसाहत आहे. इमारती जुन्या आहेत, पण अनिश्चित मुक्काम असलेल्या कुटुंबाला मी यूआरच सुचवेन. तिथलं घर १४ दिवस आधी कळवून सोडता येतं, खासगी घराला सहसा महिनाभर आधी कळवावं लागतं. अचानक बदली झाली तर या फरकाने बराच पैसा वाचतो.

घर रिकामं मिळतं म्हणजे खरोखर रिकामं. दिवे, पडदे आणि पुष्कळदा गॅसची शेगडीसुद्धा आपण आणायची. शेगडी घेण्याआधी घरात शहर गॅस आहे की प्रोपेन सिलेंडर, ते बघा. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात आणि एकीवर दुसरा गॅस चालवणं धोक्याचं आहे. वीज आणि पाणी फोनवर किंवा ऑनलाइन सुरू होतं, गॅससाठी मात्र कंपनीचा माणूस येतो आणि आपल्याला घरी थांबावं लागतं. किल्ली मिळायच्या आधीच ती वेळ ठरवून ठेवा, नाहीतर पहिल्या रात्री अंघोळीला गरम पाणीही नाही. भारतातून मिक्सर आणू नका. इथली वीज १०० व्होल्टची आहे, आपल्याकडचा २३० व्होल्टचा मिक्सर धड फिरत नाही. अमेरिकेतल्या भारतीयांसाठी बनणारा ११० व्होल्टचा मिक्सर इथे नीट चालतो. कुकर मात्र नक्की आणा, आणि तळ सपाट, इंडक्शनवर चालेल असाच आणा, कारण पुढचं घर विजेच्या शेगडीचं असू शकतं.

स्वयंपाकाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण परक्या गावात पाय रोवायची सुरुवात तिथूनच होते.

उकडीच्या मोदकासाठी भारतीय दुकानातल्या पिठाच्या मागे लागू नका, ते बऱ्याचदा जुनं असतं आणि पारी फुटते. कोणत्याही जपानी सुपरमार्केटात दांगो-मोचीच्या सामानाजवळ ‘जोशिन्को’ मिळतं. ते इथल्या रोजच्या तांदळाचं पीठ, बारीक आणि ताजं. शेजारीच ‘शिरातामाको’ असतं, ते चिकट तांदळाचं. नुसत्या शिरातामाकोची पारी वाफेत बसून जाते, म्हणून दोन वाट्या जोशिन्कोला एक मोठा चमचा शिरातामाको एवढंच प्रमाण ठेवा. पिठाएवढं पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की गॅस बारीक करून पीठ घाला, ढवळा, झाकण ठेवून एक वाफ काढा आणि गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा. इथला तांदूळ मुळातच चिकट असल्यामुळे उकड लवचिक होते. कळ्या पातळ घेता येतात आणि नाक ओढताना पारी चिरत नाही. ओलं खोबरं गोठवलेलं मिळतं. ते आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा आणि पाणी पिळून मग गुळात घाला, नाहीतर सारण पातळ होतं. गूळ भारतीय दुकानातलाच घ्या. ओकिनावाचा काळा गूळ चवीला चांगला असतो, पण त्याला स्वतःची खारट-कडवट झाक आहे आणि ती वेलचीला दाबते. वाफवायला बांबूची चाळण घ्या, तळाशी ओव्हनचा कागद भोकं पाडून घाला. केळीचं पान शोधत बसू नका.

मोदक जमले की ग्योझा, म्हणजे सारण भरलेले जपानी डंपलिंग, शिका, हात तोच आहे. बाहेर मिळणाऱ्या ग्योझात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, त्यामुळे शाकाहारी घरात ते घरीच करावे लागतात. पाऱ्या तयार मिळतात. पाकीट उलटून त्यात प्राण्याची चरबी नाही ना, एवढं फोनच्या भाषांतरातून पाहून घ्या. कोबी अगदी बारीक चिरा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. त्यात घट्ट तोफू वजनाखाली दाबून कुस्करलेला, शिताके मशरूम, निरा ही लसणाच्या वासाची पात, आलं, सोया सॉस आणि थोडं तिळाचं तेल. पारीच्या कडेला पाण्याचं बोट फिरवा, एकाच बाजूला चुण्या घाला आणि दाबून बंद करा. तव्यावर तेल, ग्योझा एकमेकांना चिकटून मांडा, तळ सोनेरी झाला की अर्धी वाटी पाणी ओतून लगेच झाकण. पाच मिनिटांनी झाकण काढून पाणी पूर्ण आटू द्या, तळ पुन्हा कुरकुरीत वाजू लागला की ताटलीत उलटे करा. मुलं शाळेत गेली की ‘आमच्या घरी पण ग्योझा करतात’ हे वाक्य त्यांना फार उपयोगी पडतं. मी ते आमच्या इमारतीत पुष्कळ मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. उरलेल्या पाऱ्यांत ओल्या नारळाचं सारण भरून तळा, झटपट करंज्या होतात.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवा. साध्या दिसणाऱ्या मिसो सुपात, भाजीच्या रश्शात, उदोन नूडल्सच्या पाण्यात दाशी म्हणजे चवीचा पातळ अर्क असतो आणि तो बहुधा वाळवलेल्या माशाचा. ‘मांस नाही’ एवढं सांगून भागत नाही, माशाची दाशी चालत नाही हेही सांगावं लागतं. कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी मिळते, ती आमटीतही छान लागते.

तळून उरलेलं तेल बेसिनमध्ये ओतू नका. ते घट्ट करायची पावडर मिळते. गरम तेलात ती ढवळली की गार झाल्यावर वडी पडते, ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. शेगडीवरच्या पंख्याला कागदी फिल्टर लावा आणि पिवळा पडला की बदला. जपानच्या बांधकाम मंत्रालयाने घर परत करताना कुणी काय भरायचं याची मार्गदर्शक सूचना काढलेली आहे. रोजच्या वापराने आलेला जुनेपणा मालकाने सोसायचा असतो आणि भिंतीच्या कागदाची किंमत सहा वर्षांत जवळजवळ शून्य धरली जाते. पण साफ न केल्याने साचलेला तेलाचा थर भाडेकरूच्या अंगावर येतो. एजंटने मोठं बिल पुढे केलं तर घाबरू नका. सुरुवातीचे फोटो दाखवा, त्या सूचनेचा उल्लेख करा आणि खर्चाची फोड लेखी मागा. नुसतं एवढं केलं तरी आकडा खाली आल्याचं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

शेजाऱ्यांना भेटायचं असतं: दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा पुरे. तेव्हाच कुकरच्या शिट्टीबद्दल सांगून टाका, कारण ऐकणाऱ्याला काहीतरी बिघडलंय असं वाटतं. रात्री नऊनंतर मिक्सर आणि वॉशिंग मशीन नको. कचऱ्याचे वार आपापल्या चौकाप्रमाणे ठरलेले असतात. पिशवी सकाळी आठच्या आत ठेवायची, रात्री नाही.

एदोगावाची जमीन खोलगट आहे. वॉर्डाचा सुमारे ७० टक्के भूभाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली येतो. २०१९मध्ये वॉर्डाने काढलेल्या पुराच्या नकाशावर ‘इथे थांबू नका’ असं स्पष्ट छापलेलं होतं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळाच्या वेळी लोकांना घरं सोडायला सांगितलं गेलं. तो नकाशा इंग्रजीतही मिळतो, फ्रीजवर लावा. पासपोर्ट, रहिवासी कार्डं, औषधं, बाळाचं सामान, रोख पैसे आणि दोन दिवसांचा कोरडा खाऊ एका पाठपिशवीत दाराजवळ असू द्या. मोठ्या भूकंपात गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. गॅसचा वास नाही ना बघा, सगळ्या शेगड्या बंद करा, मीटरवरचं बटण दाबा आणि तीन मिनिटं थांबा, म्हणजे गॅस परत सुरू होतो. एरवी लोक नुसते गार जेवण जेवत बसतात.

आणि आता घाईचा घरबदल. आमच्या इमारतीतल्या एका जोडप्याला मार्चमध्ये तीन आठवड्यांत नागोयाजवळ हलायला सांगितलं. मार्च हा सगळ्यात वाईट महिना, कारण १ एप्रिलला इथलं शाळेचं आणि कंपन्यांचं वर्ष सुरू होतं आणि सामान हलवणाऱ्यांच्या गाड्या मिळत नाहीत. आम्ही चौघीजणी मदतीला बसलो आणि कामांचा क्रम असा लावला.

घरमालकाला नोटीस त्याच दिवशी, कारण भाड्याचे दिवस तिथून मोजले जातात. त्याच संध्याकाळी मोठ्या कचऱ्याची नोंदणी. तोक्योत कुठलीही बाजू ३० सेंटिमीटरहून मोठी असलेली वस्तू साध्या कचऱ्यात जात नाही. फोनवर किंवा ऑनलाइन वेळ घ्यायची, कन्व्हिनियन्स स्टोअरमधून स्टिकर आणून चिकटवायचं. मार्चमध्ये ती वेळ कित्येक आठवडे पुढची मिळते, म्हणून हे काम शेवटी ठेवलं की गादी कुठे टाकायची ते कळत नाही. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी तर वॉर्ड घेतच नाही. २००१पासूनच्या कायद्याप्रमाणे ते फी भरून दुकानामार्फत द्यावे लागतात. भोंगा लावून ‘फुकट नेतो’ म्हणत फिरणाऱ्या टेम्पोला देऊ नका, सामान गाडीत चढल्यावर पैसे मागतात. सगळ्यात चांगलं म्हणजे आपल्या ग्रुपवर टाका, नव्याने आलेलं कुटुंब फ्रीज घ्यायला तयारच असतं.

मग सामान हलवणाऱ्या तीन कंपन्यांकडून अंदाज. आठवड्याचा मधला दिवस आणि ‘वेळ तुमच्या सोयीने’ असं सांगितलं की दर उतरतो. खोकी बहुधा त्याच देतात. नागोयाजवळच्या नव्या घरात प्रोपेन होता, त्यामुळे शेगडी इथेच दुसऱ्या कुटुंबाला दिली. मायक्रोवेव्ह जुना, फक्त ५० हर्ट्झचा. जपानच्या पूर्वेला वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेला ६० हर्ट्झची, कारण सुरुवातीला तोक्योने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन. नागोया ६० हर्ट्झच्या भागात येतं, म्हणून तोही दिला. मसाले, डाळी, पिठं यांचं एकच खोकं करून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘आधी उघडा’ लिहिलं, त्यातच कुकर आणि शिट्टी.

कागदांचं काम तेवढ्यात बसवायचं. जुन्या वॉर्डात जाऊन बाहेर जात असल्याची नोंद करा आणि दाखला घ्या, आणि नव्या गावी पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत घरातल्या सगळ्यांची रहिवासी कार्डं घेऊन तिथे नोंद करा. त्याच वॉर्डात घर बदललं तर एकच फेरी पुरते. पोस्टात पत्ता बदलाचा अर्ज दिला की वर्षभर टपाल नव्या पत्त्यावर फुकट येतं. मुलांचा सरकारी भत्ता मात्र आपोआप पुढे सरकत नाही. जुन्या ठिकाणाहून निघण्याची जी तारीख लिहिली असेल तिच्या दुसऱ्या दिवसापासून १५ दिवसांच्या आत नव्या गावात अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या महिन्याचे पैसे जातात. तेव्हा रहिवासाची नोंद करायला जाल त्याच दिवशी, त्याच इमारतीतल्या बालकल्याणाच्या खिडकीवर जाऊन हा अर्ज देऊनच घरी या.