‘अकल्पनीय’ लिहिताना या चुका टाळा

जुलैत पणजीच्या रस्त्यांवर पाणी तुंबलं की ‘शहरात अकल्पनीय पाऊस’ असा मथळा हमखास दिसतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा जून-जुलैतच. मग अकल्पनीय काय? ‘धो धो’ लिहा, ‘तुफान’ लिहा. डिसेंबरात, आंब्याला मोहोर आलेला असताना सर कोसळली, तर ती अकल्पित. कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पण अकल्पनीय तीही नाही.

खरा घोळ इथेच होतो. अकल्पित म्हणजे ज्याची कल्पना केली गेली नव्हती. अकल्पनीय म्हणजे ज्याची कल्पना करताच येत नाही. मुक्तिदिनाच्या भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपणं अकल्पनीय होतं.’ कल्पनाच करता येत नसती, तर १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांच्या सभेला लोक जमले कशाला असते? डिसेंबर १९६१ची लष्करी कारवाई जेमतेम दीड दिवसात आटोपली. त्या वेगाला अकल्पित म्हणा हवं तर.

‘अशक्य’ या अर्थीही हा शब्द वापरू नका. आपल्या शास्त्रकारांची दोन लाडकी उदाहरणं आहेत: सशाचं शिंग आणि वांझेचा मुलगा. दोन्ही अशक्यच. पण शिंगवाला ससा पहिलीतलं पोरही पाटीवर काढून दाखवेल. वांझेचा मुलगा काढा बघू! कसाही काढलात तरी तो कुणाचा तरी मुलगाच होणार, वांझेचा नव्हे. अकल्पनीय म्हणावं ते याला.

श्रद्धांजलीच्या मजकुरात ‘अकल्पनीय निधन’ तर अजिबात नको. ‘आकस्मिक’ किंवा ‘अकाली’ म्हणा. ‘तुमच्या दुःखाची कल्पनाही करवत नाही’ हे वाक्य योग्य, कारण त्यात मन धजत नाही. त्याऐवजी ‘कल्पनाही नाही’ लिहिलंत, तर तुम्हाला काही ठाऊकच नाही असा अर्थ होतो, आणि घरच्यांना ते लागतं.

‘अतर्क्य’ म्हणजे तर्काने न उलगडणारं. तर्काला सोडून बोलणं ते अतार्किक. ‘कल्पनातीत पलीकडे’ लिहू नका, ‘अतीत’मध्ये पलीकडे आलंच. ‘अकल्पनिय’ही चूक, ‘नी’ दीर्घ. ‘अकल्पनीयरीत्या’ शुद्ध आहे, पण बोजड. ‘म्हापशात दुकानांची भाडी कल्पनेपलीकडे वाढली’ एवढं पुरतं.