सड्यावर गुरं चारताय? मग या चुका टाळा

गोव्यात पेडण्यात काय, सत्तरीत काय, एकच ऐकू येतं, सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचं, गवत कमी झालं, पाऊस बिघडला. अहो पाऊस आजही वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पडतो, पण माती घट्ट झालीय, पाणी मुरतच नाही, थेट व्हाळात जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मिरगाचा पाऊस पडून जरा हिरवं दिसलं की लगेच गुरं सोडणं. तेव्हा माती लोण्यासारखी मऊ असते आणि ४०० किलोची म्हैस चालताना सगळा भार दोन-तीन खुरांवर टाकते, हा दाब ट्रॅक्टरच्या टायरपेक्षाही जास्त होऊ शकतो, मग मातीतल्या हवेच्या जागा बंद होतात आणि वरचा चार-सहा इंचांचा थर विटेसारखा बसतो. जांभ्यावर मुळात माती असते वीतभर, मुळांनी जायचं कुठे? म्हणून गवत वीतभर होऊन जमीन जरा आवळेपर्यंत गोठ्यातच वैरण घाला, त्यासाठी ती आधीच साठवावी लागते.

दुसरं, गवत बुडापर्यंत खाऊ देऊ नका. निम्म्याहून जास्त पाती गेली की मुळांची वाढ मंदावते, आणि मातीचे कण एकत्र धरतात ती हीच मुळं, त्यांचा चिकट रस नि बुरशीचे धागे.

बरेच जण एप्रिलमध्ये सडा बंद ठेवतात आणि म्हणतात विश्रांती दिली. वाळलेलं गवत वाढणार कसं? विश्रांती पावसात द्यायची, एक तुकडा गणेश चवथीपर्यंत बंद, पुढच्या वर्षी दुसरा. उन्हाळ्यात चरू द्या, पण चार बोटं खुंट राहू दे आणि आग तर लावूच नका, उघड्या मातीवर पहिल्या सरीचे थेंब आपटले की वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी वाहून जातं.

खात्री करायचीय? मी मे महिन्यात दोन सुकी ढेकळं आणली, एक काजूच्या कुंपणाआतलं जिथे गुरं जात नाहीत, एक गुरांच्या वाटेवरचं, आणि ओट्यावर पाण्याच्या दोन ग्लासांत सोडली. वाटेवरचं चहा होईपर्यंत विरघळून तळाला गाळ झालं, कुंपणातलं तसंच बसलं होतं, आत बारीक मुळांची जाळी दिसत होती, तिनेच माती धरून ठेवली होती.

आणि घट्ट झालं म्हणून ट्रॅक्टर फिरवू नका, आहेत ती मुळं तुटतात आणि मोकळी माती पहिल्याच पावसात खाली शेतात येते. तो तुकडा दोन पावसाळे बंद ठेवा, मग परत ढेकूळ ग्लासात टाकून बघा.